वीस-वीस माशांचे दहा ढीग

मला सरकारी नोकरीत घेतलं तेव्हा आपल्याला भागाकार येतो, एवढीच माझी खात्री होती. इंटर सायन्सला एकदा आपटलो, दुसऱ्यांदा कसाबसा निघालो, आणि चांद्याला माशांच्या खात्याची नवी कचेरी उघडली तिथं मोजणी सहायक म्हणून चिकटलो. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मालगुजारी नुकतीच गेली होती, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले होते, आणि त्या तलावांत मासे आहेत किती नि आहेत केवढे, हे जाणून घ्यायची सरकारला एकदम घाई सुटली होती. त्याआधी शेकडो वर्षं ते कोणी विचारलं नव्हतं. ज्याला जाळं टाकता येत होतं तो टाकत होता.

नोकरीवर घेतल्याबरोबर आम्हाला सहा आठवडे नागपूरला धाडलं. तिथं एक अंगानं वाळलेले, आवाजानं मात्र खणखणीत प्राध्यापक आम्हाला नमुनाशास्त्र शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी मडकं आणलं. मडक्यात चिंचोके, प्रत्येक चिंचोक्यावर एकापासून शंभरापर्यंतचा एक आकडा. प्रत्येकानं न बघता पाच चिंचोके काढायचे, त्यांची सरासरी फळ्यावर लिहायची, चिंचोके परत मडक्यात टाकायचे. चाळीस जणांनी काढले, फळा भरला. काय दिसतं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या आल्या. आणखी काय दिसतं? आणखी मला काही दिसत नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. एकेकटा चिंचोका कुठंही उडतो, तीन निघेल नाहीतर अठ्ठ्याण्णव. पण पाचांची सरासरी इतकी उडत नाही, ती पन्नाशीच्या आजूबाजूला घुटमळते. पाचाऐवजी वीस काढा, मग ती आणखीच कमी हलते. इथवर माझं डोकं चाललं. पुढं ते म्हणाले की किती कमी हलते, तर चिंचोक्यांचा फैलाव विसाच्या वर्गमुळानं भागला की जेवढा येतो तेवढी. आणि तिथं माझी गाडी चिखलात रुतली ती रुतलीच. वीस घेतले तर विसानं भागा ना. साडेचारानं कशाला? हे मूळ मध्येच कुठून उगवलं? त्यांनी फळाभर सिद्धता लिहिली. मी ती वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतली आणि त्या दिवसापासून जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं.

माझी खरी अडचण तर त्याच्याही आधीची होती. सरासरीला फैलाव असतो म्हणजे काय? सरासरी एकच असते. शाळेत मार्कांची काढायचो, एकच यायची. मी तसं उठून म्हटलं. प्राध्यापक रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या हातात एकच आहे, कारण तुम्ही एकदाच हात घातला. दुसऱ्यांदा घातला असता तर दुसरी आली असती. मी म्हटलं, पण मी तर एकदाच घातला. ते म्हणाले, म्हणूनच ती सरासरी सांगताना ती किती हलू शकते तेही सोबत सांगायचं. हे सांगितलं नाही तर अर्धंच सांगितलं. मी मान हलवली. मान हलवायला काही समजावं लागत नाही.

तर अशी भरलेली वही आणि रिकामं डोकं घेऊन मी चांद्याला परतलो. साहेबांनी पहिलंच काम दिलं ते मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या एका तलावाचं.

तिथं जायचं म्हणजे मूलपर्यंत मोटार, पुढं मिळेल ते, वैनगंगा डोंग्यानं ओलांडायची, मग दीड दिवस खाचर, म्हणजे बैलगाडी. तलाव मोठा होता, एका बाजूला सागाचं रान, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, मासेमार ढिवरांची दहा घरं. धान कापून झालं होतं. पाणी उतरायला लागलं की जाळी टाकायची, आणि त्यावर उन्हाळा काढायचा, असा त्या दहा घरांचा वर्षाचा क्रम. यंदा मात्र सरकारचा नवा नियम आला होता. तलावातल्या रोहूचं सरासरी वजन अर्धा शेर, म्हणजे चाळीस तोळे भरलं तरच मासेमारीची परवानगी. कमी भरलं तर मासे अजून लहान आहेत असं समजून तलाव सालभर बंद. आणि ते वजन ठरवणारा मी.

त्या घरांचा कारभारी पंचेचाळीसच्या आसपासचा, बोलायला तुटक माणूस होता. मी त्याला भाऊ म्हणत असे. त्यानं पहिल्याच दिवशी मला कल्पना दिली. तलाव बंद झाला तर आपण माणसं घेऊन माजरीला कोळशाच्या खाणीत जाऊ, दुसरा इलाज नाही. त्याची आई मात्र येणार नव्हती. तिचे गुडघे गेले होते, आणि खाणीजवळच्या धुरात जाऊन बसायची तिची तयारी नव्हती. तिला एकटीला मागं ठेवायचं या विचारानंच तो चिडून होता, आणि चिडायला समोर मीच होतो.

आईला सगळे बाई म्हणत. मीही म्हणू लागलो. साठी उलटलेली, हातापायांच्या काड्या, पण पाळीवर येऊन बसली की सगळी वस्ती तिच्या तोंडाकडं पाहायची. ओढलेले मासे वस्तीत वाटायचं काम तिचं होतं. तिचा वाटा म्हणजे वाटा, त्यावर कोणाची तक्रार नसे.

साहेबांनी मला कामाची पद्धत लिहून दिली होती. जाळ्याची एक ओढ काढायची, रोहू वेगळे करायचे. त्यांतून न निवडता वीस-वीस माशांचे दहा नमुने घ्यायचे, प्रत्येकाचं वजन करून सरासरी काढायची. पहिल्या दोन नमुन्यांतला मासा न् मासा सुटा तोलायचा, म्हणजे माशा-माशांत फरक किती ते कळेल. वहीत लिहिल्याप्रमाणं नमुना तोलून झाला की परत टाकायचा होता. मी बराच वेळ त्यावर डोकं धरून बसलो. चिंचोका मडक्यात परत टाकला तर चिंचोकाच राहतो. मासा तोलून परत टाकायचा तर तो कुठं टाकायचा, पाण्यात की ढिगात? पाण्यात टाकला तर दुसऱ्यांदा सापडणार नाही, ढिगात टाकला तर तोवर मरेल. शेवटी मीच ठरवलं की परत काही टाकायचं नाही, दहा ढीग एकदमच करायचे. तोलून झाल्यावर मासे वस्तीनं घ्यावेत, असंही मी उदार होऊन सांगून टाकलं.

ओढ चांगली निघाली. रोहू धानाच्या तणसावर ओतले तेव्हा मी भाऊला सांगितलं की वीस-वीसचे दहा ढीग लावा, आणि मी वहीत रकाने आखायला मोहाच्या सावलीत जाऊन बसलो. ते ढीग लागत असताना मी तिथं उभा नव्हतो, ही माझी पहिली चूक. दुसऱ्याला कामाला लावून आपण सावलीत बसायचं, हे नोकरी लागल्यावर मी सगळ्यात लवकर शिकलेलं काम होतं.

ढीग तयार झाल्यावर तराजू टांगला आणि तोलायला सुरुवात केली. पहिल्या ढिगात वीतभरापासून हातभरापर्यंत मासे होते. बारा-पंधरा तोळ्यांचा एखादा, तर एखादा शेराच्या पुढचा. सरासरी आली बेचाळीस. दुसऱ्या ढिगाची बेचाळीसला जरा वर. तिसरा पुन्हा बेचाळीस. दहाच्या दहा ढीग एका तोळ्याच्या आत आले. मी तराजू सोडून उभा राहिलो. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. एकेक मासा कसाही असू द्या, सरासऱ्या एकमेकींना चिकटून येतात, हेच तर ते वाळके प्राध्यापक ओरडून सांगत होते! आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर ते झालं होतं. मला वाटलं, समजलं बुवा आपल्याला एकदाचं. मी भाऊला म्हणालो, काळजी करू नका, चाळीसच्या वर आहे आणि पक्कं आहे. तो पहिल्यांदा हसला. मला त्यांनी त्या दिवशी पोटभर रोहू खाऊ घातला.

फैलावाच्या रकान्यात ‘एक तोळ्याहून कमी’ असं टपोऱ्या अक्षरात लिहून मी कागद साहेबांपुढं ठेवला. साहेब नागपूरचे, गणिताचे पदवीधर, आणि शांत बोलणारे. शांत बोलणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून भीती वाटते. त्यांनी सुट्या तोललेल्या चाळीस माशांचे आकडे घेतले, पेन्सिलीनं पाच मिनिटं काहीतरी केलं आणि विचारलं, “हे कोणत्या झाडाखाली बसून लिहिलंत?”

मी मूर्खासारखा म्हणालो, मोहाच्या.

त्यांनी मला जे सांगितलं ते असं. तुमच्या माशा-माशांत वीस तोळ्यांच्या आसपास फैलाव आहे. विसाचं वर्गमूळ साडेचार. वीस भागिले साडेचार, म्हणजे वीस माशांच्या सरासऱ्या एकमेकींपासून साडेचार तोळे इकडं-तिकडं हलायलाच हव्यात. एखादा ढीग पस्तीस यावा, एखादा सत्तेचाळीस. सरासऱ्या जवळ येतात हे खरं, पण किती जवळ याला हिशोब आहे. दहाच्या दहा एका तोळ्यात येतात त्या फक्त घरी बसून लिहिणाऱ्याच्या.

माझी तर मतीच गुंग झाली. चोरी पकडली जाते ती आकडे चुकले म्हणून. माझी पकडली जात होती ती आकडे फार चांगले आले म्हणून, आणि मी चोरी केलेलीच नव्हती. मी शपथा घेतल्या. साहेब म्हणाले, शपथा नकोत, पुन्हा जाऊन मोजून आणा. या वेळीही असेच आले तर नोकरी विसरा. आणि आकड्यांवर भरवसा बसेपर्यंत तलावाला परवानगी नाही.

परत दीड दिवस खाचर. वाटभर मी भाऊवर, साहेबांवर, त्या वर्गमुळावर आणि खाचरवाल्यावरही संतापत होतो. खाचरवाल्याचा काय दोष, पण तोच हाताशी होता. त्यानं शेवटी मला सांगितलं की बाबू, तुमी मनातल्या मनात भांडा. वस्तीवर पोचलो तो सरळ बाईपुढं जाऊन उभा राहिलो आणि ढीग कोणी लावले ते विचारलं.

“मी लावले,” ती म्हणाली. “काऊन, कुठी कमी-जास्त झाले का?”

नाही झाले, म्हणूनच आलोय, असं म्हटल्यावर तिला काही अर्थ लागेना. मग मी तिला ते पुन्हा लावून दाखवायला सांगितलं. सकाळच्या छोट्या ओढीतले मासे होते. तिनं आधी बोटभर पिल्लं वेचून पाण्यात सोडली, पिल्लू वाट्यात धरायचं नाही अशी त्यांची रीत. मग मोठ्यातले मोठे रोहू एकेक करून ढिगांवर ठेवले, प्रत्येक ढिगाला एक. त्यांच्याखालचे, पुन्हा प्रत्येकाला एक, पण या खेपेला उलट्या टोकाकडून, कारण ज्याला आधी जरा मोठा गेला त्याला आता जरा लहान जायला हवा. शेवटी ती एका ढिगातला मासा उचलून दुसऱ्यात टाकायची, दुसऱ्यातला तिसऱ्यात, हातात झेलून बघायची आणि ठेवायची. तराजू नाही, काही नाही. ढीग लागल्यावर एक म्हातारा पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून हा कोणाचा ते विचारतो, आणि पाठमोरा म्हातारा तोंडाला येईल त्या घराचं नाव घेतो. ढीग सारखेच असतात, त्यामुळं कोणाच्या वाट्याला कोणता आला याचं कोणाला काही वाटत नाही. घरं दहा, मी सांगितलेले ढीगही दहा, आणि मासे वस्तीनं घ्यावेत असं मीच सांगितलेलं. त्यांनी जे जन्मभर केलं तेच केलं होतं.

मी कपाळावर हात मारून खाली बसलो. त्या बाईनं माझ्यासाठी इतक्या इमानानं ढीग लावले होते की ते कागदावर बेइमानी दिसत होते. आणि पिल्लं काढून टाकल्यामुळं सरासरीही वर चढली होती. मी तिला समजावू लागलो की ढीग सारखे नकोत, जसे येतील तसे हवेत. एखाद्यात सगळे मोठे आले तरी चालेल. ती म्हणाली, मंग ज्याले बारीक आले त्यानं काय करावं? मी म्हटलं, हे वाटायचे नाहीत, नुसते तोलायचे आहेत. तोलून पुढं काय करायचं असेल ते करा. हे तिला पटलं नाही, पण तिनं माझ्यासाठी करायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मोठी ओढ काढली. या वेळी पिल्लंसुद्धा ठेवली. सगळे रोहू बांबूच्या मोठ्या टोपल्यात ओतले, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि बाईला म्हटलं की न बघता हात घाल आणि हाताला येईल तो मासा काढ. तिनं पदरानं डोळेही बांधून घेतले. पहिले दोन ढीग झाले, तोलले. एका तोळ्याचाही फरक नाही. मी नीट बघितलं तेव्हा कळलं. ती गोणपाटाखाली मासा धरायची, चाचपायची, सोडायची, दुसरा धरायची. मी ओरडलो. ती म्हणाली, मी नाई करून राह्यली बापा, हात करून राह्यला. तिसऱ्या ढिगालाही तेच. चाळीस वर्षांची सवय, डोळे बांधून थोडीच थांबणार. शेवटी तिला बाजूला बसवलं, तिचे ढीग परत टोपल्यात मिसळले आणि मीच बाही वर सारून हात घातला. मला माशातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं या कामाला माझ्याइतका लायक माणूस त्या तालुक्यात दुसरा नसावा.

माझे ढीग बघून सगळी वस्ती हसत होती. एका ढिगात चार हातभर रोहू, शेजारच्यात सगळी चिल्लर. सरासऱ्या आल्या तेहतीस, चव्वेचाळीस, सदतीस, एकतीस, पंचेचाळीस, अशा उड्या मारत. दहांची मिळून आली अडतीस.

हसणं थांबलं. भाऊनं विचारलं, चाळीस पाहिजे होते ना? मी हो म्हणालो. तो जाळं गोळा करायला लागला.

परत येताना खाचरात मी तो कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. सरासरीच्या रकान्यात अडतीस लिहिलं. त्याच्या शेजारी फैलावाचा रकाना. तिथं काय लिहावं मला समजेना. माशांचा फैलाव वीस तोळे, तो लिहायचा? वीस माशांच्या ढिगाचा साडेचार तोळे, तो लिहायचा? की सगळे मिळून दोनशे मासे, तर दोनशेच्या वर्गमुळानं भागायचं? वही उघडली, सिद्धता वाचली, मिटली. तिन्ही आकडे मला तितकेच खरे आणि तितकेच खोटे वाटत होते. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मागच्या खेपेला फैलाव लिहिला म्हणूनच मी साहेबांच्या तावडीत सापडलो होतो. तेव्हा फार कमी होता, आता फार जास्त दिसतोय म्हणून झापतील. रिकामा रकाना कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मी तो रिकामा ठेवला.

कचेरीत पोचलो तेव्हा साहेब अहेरीच्या दौऱ्यावर गेले होते. बडेबाबूंनी कागद घेतला, सरासरी पाहिली, तारीख उलटून चालली होती म्हणून शिक्का मारून नागपूरला लावून दिला. राजधानी तेव्हा नागपूर, त्यामुळं उत्तर लवकर आलं. सरासरी चाळीसपेक्षा कमी असल्यानं तलाव सालभर बंद.

साहेब परतल्यावर त्यांनी कागदाची नक्कल मागवली. दहा ढिगांच्या सरासऱ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्याकडं पाहून हसले. म्हणाले, हे खरे आकडे. मोजणाऱ्यानं मोजले की असे येतात. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

“हे कोरं का?”

मला समजलं नाही काय लिहायचं, असं मी म्हणालो. त्यांनी पेन्सिल घेतली. दोनशे मासे, दोनशेचं वर्गमूळ चौदा, वीस भागिले चौदा, दीड तोळ्याला जरा कमी. याच्या दुपटीपर्यंत सरासरी हलू शकते, म्हणजे माझी अडतीस सहज तीन तोळे इकडची तिकडची असू शकत होती. तलावातली खरी सरासरी चाळीस असेल, एकेचाळीसही असेल. मी टोपल्यात दुसऱ्यांदा हात घातला असता तर कदाचित चाळीसच्या वर आलीही असती. माझ्या दोनशे माशांवरून तलाव नियमात बसतो की नाही हे ठरतच नव्हतं. तुम्ही दीड तोळा लिहिला असता, साहेब म्हणाले, तर ठरत नाही असा शेरा मारून नागपूरनंच दुसरी मोजणी मागितली असती आणि तोवर सालभराची बंदी लागली नसती. आता हुकूम निघाला. अडतीसच्या पुढं काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी अडतीस म्हणजे अडतीसच धरलं.

नागपूरला सहा आठवडे जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथं खुर्चीजवळ उभ्या-उभ्या शिरलं. माझ्या हातातली सरासरी अनेकांपैकी एक होती. मी ती एकुलती एक असल्यासारखी वर धाडली. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी आपल्याला आता समजलं याचा आनंदही होत होता. त्या आनंदाची लाज मला आजतागायत वाटते. साहेबांनी माझ्या कामावर समाधानाचा शेरा लिहिला. महिन्याभरात मी नोकरीत कायम झालो.

होळीच्या आधी मी चार दिवसांची रजा टाकून त्या वस्तीवर गेलो. मला कोणी पाठवलं नव्हतं. दहांतल्या सात घरांच्या बंद दारांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. भाऊ माणसं घेऊन माजरीला जाऊन आठवडा झाला होता. बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला ओळखलं, पाणी घ्यायला सांगितलं, रांजण कुठं आहे ते हातानं दाखवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी तिला सगळं सांगितलं. चूक माझी झाली, भरायचा रकाना मी भरला नाही, म्हणून तलाव बंद झाला. रकाना म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही. किती कमी भरलं ते विचारलं. मी म्हटलं, एका माशामागं दोन तोळे.

तिनं रिकामा तळवा पुढं केला, मासा झेलून पाहावा तसा एकदोनदा वर-खाली हलवला.

“दोन तोळे कमी हाये का जास्त, हे माह्या हाताले बी नाई समजत, बाबू,” ती म्हणाली. “तुह्या कागदाले कसं समजलं?”

कागदाला समजलं नव्हतं, असं मी म्हणालो. मला समजलं नव्हतं, ते मी लपवलं, आणि कागदानं ते समजल्यासारखं दाखवलं. हे तिच्यापर्यंत कितपत पोचलं, मला माहीत नाही. ती तलावाकडं बघत होती. पाणी चांगलंच उतरलं होतं आणि पाळीवर माणूस नव्हतं. ऊन ओसरीवर आलं तसं तिनं माझ्याकडं हात केला. मला आधी कळेना. मग तिनं सांगितलं की सकाळपासून इथंच बसून आहे, गुडघे उठू देत नाहीत, जरा धरून आत नेतोस का.